हाताचे वळण आणि यंत्राची शिस्त



लग्नपत्रिका हाती आली की मुहूर्त आणि स्थळ वाचण्याआधी आपली नजर वधू-वरांच्या नावांवर स्थिरावते. बाकीचा मजकूर साध्या, सरळ अक्षरांत असतो. नावे मात्र लपेटीदार, जणू कुणी निवांत बसून टाकाने लिहिली आहेत अशी असतात. मंगल प्रसंगी अक्षरानेही अंगावर चार दागिने घालावेत, ही अपेक्षा जगात सर्वत्र आहे. परंतु ही नावे बहुधा कोणी हाताने लिहिलेली नसतात. ती यंत्रातून उमटलेली असतात. यंत्राने हाताचा आभास निर्माण करावा आणि पाहणाऱ्यास तो आभास खोटा वाटू नये, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. तिच्यासाठी एका जर्मन सुलेखनकाराला अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले. त्या सुलेखनकाराचे नाव हर्मन झाप्फ आणि त्याच्या हातून उतरलेल्या त्या रोमन अक्षरसंचाचे नाव 'झाप्फिनो'.

ॲपलच्या संगणकांबरोबर मिळत असल्यामुळे झाप्फिनो आज जगभर परिचित आहे. निमंत्रणपत्रे, मानपत्रे, ग्रंथांची मुखपृष्ठे अशा ठिकाणी तो हमखास भेटतो. पाहणारा क्षणभर थांबतो, सुंदर आहे असे म्हणतो आणि पुढे जातो. त्या सौंदर्यामागचा इतिहास मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. तो जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्या लिपीच्या प्रश्नाचेही उत्तर दडलेले आहे.

प्रतिकूलतेत घडलेला हात

हर्मन झाप्फ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१८ रोजी न्युरेम्बर्ग येथे झाला. महायुद्ध संपावयास तीन दिवस उरले होते. वडील कारखान्यात नोकरीला होते आणि कामगार संघटनेत सक्रिय होते. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवट आली आणि त्यांची नोकरी गेली. काही काळ त्यांना डाखाऊच्या छळछावणीतही ठेवण्यात आले. मुलाच्या मनात विद्युत अभियंता व्हावयाचे होते, पण अशा घरातील मुलाला तंत्रशिक्षणाचे दार बंद झाले. चित्रकलेतील त्याचे कौशल्य पाहून शिक्षकांनी त्याला शिळामुद्रणाचे काम शिकावयास सुचविले. तो ठिकठिकाणी विचारणा करीत फिरला. प्रत्येक ठिकाणी आधी राजकीय मतांची चौकशी होई आणि नंतर नकार मिळे. अखेर एका मुद्रणसंस्थेने तसा प्रश्न विचारला नाही. तेथे शिळामुद्रण नव्हते; छायाचित्रे दुरुस्त करणारा उमेदवार हवा होता. मुलाने ते काम पत्करले.

१९३५ मध्ये न्युरेम्बर्गमध्ये रुडॉल्फ कोख या नुकत्याच दिवंगत झालेल्या अक्षररचनाकाराच्या कामाचे प्रदर्शन भरले. सतरा वर्षांचाही न झालेला हा उमेदवार ते पाहावयास गेला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. त्याने कोख यांचे आणि इंग्लंडचे सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांचे अशी दोन पुस्तके विकत घेतली, रुंद टोकाचा टाक घेतला आणि घरी बसून अक्षर गिरवावयास प्रारंभ केला. त्याला सुलेखनाचा गुरू लाभला नाही. ग्रंथ हाच गुरू आणि सराव हीच गुरुदक्षिणा! एकलव्याची कथा सांगणाऱ्या आपल्या समाजाला या साधनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. झाप्फ यांना सैन्यात जावे लागले आणि तेथे नकाशे काढण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. नकाशावरील अतिसूक्ष्म अक्षरे हाताने लिहिताना त्यांची नजर आणि बोटे अधिकच तयार झाली. भोवती विध्वंस चालू असताना त्यांची चित्रवही सोबत होती. १९४४ मध्ये तिच्यातील एका पानावर त्यांनी आपल्या धावत्या, लपेटीदार हस्ताक्षरात काही लिहिले. मनाजोगते वळण साधलेले ते पान हेच झाप्फिनोचे बीज होय.

शिशाने घातलेली मर्यादा

युद्धानंतर झाप्फ फ्रँकफुर्टच्या श्टेंपेल या खिळे पाडणाऱ्या प्रख्यात कारखान्याचे कलाप्रमुख झाले. तेथेच त्यांचे 'पॅलाटिनो' आणि 'ऑप्टिमा' हे जगप्रसिद्ध अक्षरसंच जन्मास आले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'व्हर्चुओसा' नावाचा लेखणीच्या वळणाचा एक संच शिशाच्या खिळ्यांसाठी रेखाटला. पण चित्रवहीतील पानाचा मोकळेपणा त्यात उतरू शकला नाही. दोष हाताचा नव्हता.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे, त्यांना ही अडचण चटकन उमगेल. खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी ठोकळा. प्रत्येक अक्षराने आपापल्या ठोकळ्याच्या हद्दीत राहावयाचे, हा त्या सृष्टीचा पहिला नियम. हस्ताक्षराला ही हद्द मान्य नसते. लिहिणाऱ्याच्या हातातील अक्षराची शेपटी दोन घरे पलीकडे जाते, एखाद्याची कमान मागच्या अक्षरावर छत्र धरते. ठोकळ्याबाहेर डोकावणारा असा भाग खिळ्याला ठेवता येई, पण तो नाजूक राही आणि छपाईच्या दाबाखाली तुटे. दुसरा नियम असा की, एका अक्षराचे खिळे सारे एकाच साच्यातून निघत आणि म्हणून तंतोतंत सारखे असत. हाताने लिहिलेल्या एका ओळीत मात्र तेच अक्षर चार वेळा आले तर चार वेळा किंचित वेगळे येते. शब्दाच्या आरंभी ते ऐटीत उभे राहते, मध्ये आले की शेजाऱ्याला जागा करून देते आणि शेवटी आले की मोकळेपणाने हात पसरते. हस्ताक्षराचा जिवंतपणा तो हाच.

ही अडचण काही झाप्फ यांच्यापासून सुरू झाली नव्हती. व्हेनिसच्या आल्डुस मानुतियुस यांनी १५०१ मध्ये तिरप्या वळणाच्या खिळ्यांत व्हर्जिलचे काव्य छापले. या खिळ्यांचा आदर्श त्या काळच्या विद्वानांचे आणि लेखनिकांचे वेगवान हस्ताक्षर हा होता. रोमच्या लुडोविको आरिगी यांनी १५२२ मध्ये याच वळणाचा कित्ता प्रसिद्ध केला. फ्रान्सचे रॉबेर ग्रांजाँ यांनी १५५७ मध्ये फ्रेंच हस्ताक्षरावरून खिळे घडविले. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ युरोपातील कारागीर शिशाच्या ठोकळ्यात हात कोंडण्याचा प्रयत्न करीत होते. प्रत्येक वेळी थोडे साधे आणि बरेच निसटे.

यंत्राशी वैर नव्हे, संवाद

अशा वेळी कलावंतापुढे दोन सोपे मार्ग असतात. यंत्राला शिव्या देत हस्तकलेच्या आठवणी काढीत बसावयाचे, किंवा यंत्राला सोयीचे तेवढेच करून समाधान मानावयाचे. झाप्फ यांनी दोन्ही नाकारले. संगणक ही छपाईच्या क्षेत्रात नवलाई होती तेव्हाच त्याचे सामर्थ्य त्यांनी ओळखले. १९७७ पासून दहा वर्षे ते अमेरिकेतील रॉचेस्टर येथील तंत्रज्ञान संस्थेत अक्षरजुळणीच्या संगणकीय कार्यक्रमांचे प्राध्यापक होते. घर जर्मनीत, अध्यापन अमेरिकेत अशी त्यांची ये-जा चालू राहिली. त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथे डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी 'ऑयलर' नावाचा अक्षरसंच सिद्ध केला. उत्तम हस्ताक्षराचा गणितज्ञ फळ्यावर लिहील तसे ते अक्षर असावे, ही त्यामागील कल्पना होती.

त्या कामात डेव्हिड सीगल नावाचा एक तरुण होता. १९९३ मध्ये त्याने झाप्फ यांना पत्र लिहिले. एकाच अक्षराची अनेक रूपे असावीत, ती ठरीव क्रमाने न येता बदलत यावीत, असा संच करावा, अशी त्याची कल्पना होती. पत्र वाचून झाप्फ यांना १९४४ च्या त्या पानाचे स्मरण झाले. एकोणपन्नास वर्षे चित्रवहीत पडून राहिलेल्या वळणाला साजेसे यंत्र अखेर दृष्टिपथात आले होते. गिनो ली या तंत्रज्ञाच्या साह्याने काम सुरू झाले आणि बरेच पुढे गेले. मग एकाएकी सीगलचे पत्र आले. खासगी आयुष्यातील आघाताने त्याचा या कामातील रसच संपला होता. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाने अशा प्रसंगी वही मिटून ठेवली असती तरी कोणी दोष दिला नसता. झाप्फ यांनी ती मिटली नाही. ते आपले काम घेऊन लायनोटाइप कंपनीकडे गेले आणि १९९८ मध्ये चार वर्णमाला आणि अनेक अलंकारचिन्हे यांसह झाप्फिनो प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये अकिरा कोबायाशी या जपानी अक्षररचनाकाराच्या सहकार्याने त्याची विस्तारित आवृत्ती निघाली, तेव्हा झाप्फ यांचे वय चौऱ्याऐंशी होते. ४ जून २०१५ रोजी डार्मश्टाट येथे त्यांचे निधन झाले.

शेजाऱ्याला ओळखणारे अक्षर

झाप्फिनोत नवे काय आहे? ॲपलच्या संगणकावरील त्याच्या आवृत्तीत हजाराहून अधिक अक्षररूपे आहेत. ज्या रोमन वर्णमालेत अवघी सव्वीस अक्षरे, तिच्यासाठी एवढा पसारा कशाला? कारण येथे प्रत्येक अक्षराला अनेक रूपे दिलेली आहेत आणि कोणत्या शेजारी कोणते रूप घ्यावयाचे याचे नियम अक्षरसंचाच्या पोटातच साठविलेले आहेत. लिहिणारा कळा दाबत जातो आणि अक्षरे शेजारी पाहून रूप बदलत जातात. 'झाप्फिनो' हे त्याचे स्वतःचे नाव टंकित केले, तर त्यातील अक्षरे एकत्र येऊन एक संपूर्ण जोडरूप उभे राहते. ठोकळ्याची हद्द गेली आणि एकसारखेपणाची सक्तीही गेली.

अर्थात अलंकाराला स्थळकाळाचे भान लागते. झाप्फिनोचे वरखाली झेपावणारे फाटे लांब आहेत. ओळींत भरपूर अंतर सोडले नाही, तर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीत अडकते. सगळी अक्षरे मोठ्या रूपात लिहिली, तर लपेटींचे नुसते जाळे होते आणि शब्द वाचता येत नाही. पानभर मजकुरासाठी हा संच नाहीच. एक नाव, एक शीर्षक, एखादी ओळ आणि भोवती मोकळी जागा, एवढ्यातच त्याची शोभा आहे. पैठणी सणासुदीला नेसावयाची असते. शेतात निंदणीला नेसावयाची नसते, हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या लिपीचा धडा

आता आपल्याकडे वळू. रोमन अक्षरासाठी झाप्फ यांना जे अर्धशतकानंतर लाभले, ते देवनागरीच्या स्वभावातच आहे. आपला 'र' पाहा. 'राम' मध्ये तो पूर्ण उभा आहे, 'कर्म' मध्ये रफार होऊन शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो, 'प्रकाश' मध्ये त्याच्या अंगाला तिरपा चिकटतो, 'राष्ट्र' मध्ये पायाशी जातो आणि 'तऱ्हा' मध्ये आणखीच निराळे रूप घेतो. शेजारी पाहून रूप बदलणे हे आपले मूल पहिली-दुसरीतच शिकते. म्हणूनच खिळ्यांच्या काळात देवनागरी अवघड ठरली. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागे, आपल्या जुळाऱ्यापुढे मात्र शेकडो घरे मांडावी लागत.

या अडचणीशी आपल्या थोर पुरुषांनी झुंज दिली आहे. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत स्वतः लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली आणि 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे, आपली भाषा यंत्रयुगात मागे पडू नये, ही तळमळ त्यामागे होती. त्या काळी यंत्र बदलणे आपल्या हाती नव्हते, म्हणून लिपीला थोडे वाकविण्याचा विचार झाला. तो विचार त्या परिस्थितीत उचितच होता. आज परिस्थिती पालटली आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी या कंपन्यांनी 'ओपनटाइप' ही अक्षरसंचांची नवी पद्धत जाहीर केली. २००३ च्या झाप्फिनोला ज्या पद्धतीने शेजारी ओळखण्याचे सामर्थ्य दिले, तीच पद्धत आपल्या जोडाक्षरांच्या उपयोगी पडली. मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा देवनागरी संच याच पद्धतीने विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. आता यंत्रासाठी लिपीला वाकावयाचे कारण उरलेले नाही.

मग उणीव कोठे आहे? मोडीचे उदाहरण घ्या. आधी सबंध रेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे धावत न्यावयाची, ही मोडीची रीत. शतकानुशतके महाराष्ट्राचा राज्यकारभार या लिपीत चालला. चिटणिशी वळणाचा मान तर कचेरीपलीकडेही होता. मोडीचे खिळेही पाडले गेले. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८१० मध्ये आपला मराठी कोश अशा खिळ्यांत छापला. पण अक्षर सुटे झाले आणि मोडीचा ओघ आटला. छपाई बाळबोधीने जिंकली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागद आज मोडी जाणणाऱ्या वाचकाची वाट पाहत पडून आहेत. २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मोडीला स्थान मिळाले. म्हणजे ज्या यंत्राने मोडीला बाहेर ठेवले, त्यानेच आता तिला आत घेतले आहे. ओघ न तोडणारी, शेजारी पाहून बदलणारी मोडीची अक्षरे घडविणे तंत्राला आज अशक्य नाही.

परंतु तंत्र वळण निर्माण करीत नाही. झाप्फिनोचे नियम संगणकाने पाळले, त्याचे वळण मात्र १९४४ च्या कागदावर एका हाताने आधी लिहिलेले होते. ते पान नसते, तर १९९३ च्या यंत्रापाशी देण्यासारखे काहीच नव्हते. यंत्र आज सिद्ध आहे. प्रश्न आपल्या हाताचा आहे. आपल्या घरात बोरू कोणी धरतो काय? शुद्धलेखनाच्या वहीत अक्षराच्या वळणाचे कौतुक किती शिक्षक करतात? नाटकांच्या जाहिरातींतील ज्या अक्षरांनी मराठी माणसाला पिढ्यान्पिढ्या नाट्यगृहाकडे खेचले, ती लिहिणारे कमल शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांच्या नंतर सुंदर अक्षराची हौस असणारे तरुण आहेत, कार्यशाळाही भरतात. पण घरोघरचा मुलगा आणि मुलगी बोटाने पडदा सरकवू लागली, तर उद्याच्या सुलेखनकाराचा हात कोठून यावयाचा?

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असा उपदेश त्यात आहे. राष्ट्र उभारू पाहणाऱ्या संताला अक्षराच्या वळणाची एवढी काळजी का वाटली असेल, याचा विचार व्हावयास हवा. अक्षर नेटके करावयाचे तर मन स्थिर करावे लागते, ओळ सरळ ठेवावयाची तर लक्ष विचलित होऊन चालत नाही. हा संस्कार यंत्र देऊ शकत नाही. तो वडीलधाऱ्यांनी द्यावयाचा असतो.

न्युरेम्बर्गच्या त्या उमेदवाराजवळ दोन पुस्तके आणि एक टाक एवढेच भांडवल होते. राजसत्ता विरोधात, शिक्षणाचे दार बंद, पुढे युद्ध. तरीही त्याने हात तयार ठेवला आणि यंत्र त्याच्यापर्यंत येऊन पोहोचले तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखे काही होते. आपल्याजवळ तर बाराखडी आहे, मोडीचे दफ्तर आहे, समर्थांचा उपदेश आहे. येत्या दसऱ्याला पाटीपूजन कराल, तेव्हा सरस्वतीच्या चिन्हापुढे एक बोरू आणि दौतही ठेवा. पूजा झाल्यावर मात्र तो बोरू देव्हाऱ्यात ठेवू नका. घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती द्या, त्याच्याशेजारी बसा आणि पहिली ओळ त्याच्याबरोबर तुम्हीही गिरवा.